अप्पांचा कोपरा

४ मार्च

आमच्या म्हाताऱ्या ताऱ्यात आज खड्डा सापडला. सकाळी कंट्रोल रूममध्ये तो स्क्रीनवर आला तेव्हा हजर असलेल्या विद्वानांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. एक जण चहात बिस्किट बुडवत होता आणि दुसरा आपलं बुडालेलं बिस्किट चमच्याने शोधत होता. या लोकांच्या भरवशावर विश्वाचं कोडं सुटायचं आहे. तारीख घालून लिहून ठेवते, कारण पुढे जो तो म्हणणार की आधी मलाच दिसलं होतं.

तारा म्हातारा झाला की फुगतो आणि अंगावरचा वायू बाहेर फेकायला लागतो. तो वायू ताऱ्याभोवती चहूबाजूंनी पसरत जातो. त्यातले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू एका ठरावीक रेडिओ लहरीवर बोलतात, आणि आमच्या रेडिओ दुर्बिणीची डिश ते ऐकते. जो वायू आपल्याकडे येतो त्याची लहर एका बाजूला सरकते, जो लांब जातो त्याची दुसऱ्या बाजूला. म्हणून स्क्रीनवर बारीक रेघ न येता रुंद, सपाट डोक्याचा ढीग येतो. आमच्या ढिगाला एका अंगाला बोट घालावं एवढी फट आहे. म्हणजे तेवढ्या वेगाचा वायू तिथे नाहीच. कुणीतरी तो पट्टा झाडून नेला. माझं मत पक्कं आहे: या ताऱ्याला एक जोडीदार आहे, कुणालाही न दिसणारा, आणि हे उद्योग त्याचे आहेत.

सप्टेंबरात मी निवृत्त होते. मुदतवाढीचा माझा अर्ज समितीपुढे पडून आहे आणि संचालक गेले सहा महिने "मॅडम, काहीतरी ठोस हवं" म्हणून कण्हतो आहे. घे म्हणावं ठोस. हा खड्डा खरा ठरला तर मी डिशपाशी राहते. नाही ठरला तर घरी बसते, अप्पासमोर, आणि तो जेवताना भिंतीकडे बघतो ते बघते.

५ मार्च

अप्पा म्हणजे माझा नवरा. तिशीत टक्कल पडलं म्हणून सगळी संस्था त्याला अप्पा म्हणायला लागली, मग मीही. तोही याच डिशवर निरीक्षणं घ्यायचा. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. बुद्धी शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. असेल. पण एकेक शब्द तो असा उतरवतो की जिन्यावरून कपाट उतरवत असावा, आणि तोवर माझी आमटी गार होते. मग मीच त्याचं वाक्य पुरं करते. तो रागाने बघतो. बघू दे.

आज त्याला सांगितलं की खड्डा त्याच्याच कोपऱ्याच्या जोरावर सापडला. चेहरा असा उजळला की मलाच वैताग आला.

त्या कोपऱ्याची हकीकत अशी. डिशला ताऱ्याच्या आवाजाबरोबर हवेचा आणि स्वतःच्या तारांचा गोंगाटही ऐकू येतो, आणि तो कितीतरी मोठा असतो. म्हणून आधी ताऱ्याकडे तोंड करायचं, त्याला आम्ही ऑन म्हणतो. मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, तो ऑफ. ऑनमधून ऑफ वजा केला की गोंगाट जातो आणि तारा उरतो. आता आमचा तारा ज्या भागात आहे तिथलं आकाश वायूच्या ढगांनी खच्चून भरलेलं. रिकामी जागा मिळायची मारामार, आणि लांबची जागा घ्यावी तर तिथली हवा वेगळी, वजाबाकीच बिघडते. अप्पाने ऐन उमेदीत वर्षभर आकाश चाळून तिथे एक रिकामा तुकडा शोधून काढला. संस्थेच्या यादीत त्याचं नाव आहे 'अप्पांचा कोपरा', आणि तेव्हापासून त्या भागात काम करणारा जो तो डोळे मिटून तोच ऑफ घेतो.

इतरांच्या नावाचे धूमकेतू असतात. माझ्या नवऱ्याच्या नावाची जागा आहे, जिथे काहीच नाही. माझी नणंद मात्र शेजारणींना सांगत सुटते, "आमच्या भावाच्या नावाची जमीन आहे वर."

९ मार्च

खड्ड्याची छापील प्रत घरी आणली होती. अप्पाने ती टेबलावर पसरून डाव्या हाताने सरळ केली आणि एवढा वेळ बघत बसला की मी भांडी घासून आले तरी मान खालीच. मग विचारलं, "ऑफ... कुठला?"

म्हटलं, तुझाच, आणखी कुठला.

"कधी... तपासला?"

घ्या. पुन्हा एकदा ऐकायचं होतं की कोपरा किती चांगला आहे. बायकोने दिवसातून किती वेळा ओवाळायचं म्हणते मी. म्हटलं, तुझा कोपरा आहे, तपासायचा कशाला? झालं, कागदाची घडी घालून माझ्याकडे सरकवला. निदान थोडं हसेल असं वाटलं होतं, तेही नाही. या माणसाला कौतुकसुद्धा धड घेता येत नाही.

११ मार्च

शंकासुराने आज डोकं वर काढलं. नवा रिसीव्हर, म्हणजे डिशचा कान, आला तेव्हा त्याच्याबरोबर हा गृहस्थ आला. चाळिशी उलटलेली, सदैव सर्दी झालेला चेहरा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'ने. नमस्कार केला तरी म्हणेल, पण का? खड्ड्यावर मी जो पेपर लिहिते आहे त्यावर त्याचंही नाव आहे, कारण रिसीव्हर त्याच्या ताब्यात आणि नाव घातलं नाही तर रुसणार.

तर हा माझ्या खोलीत येऊन दारापाशीच उभा राहिला. म्हणाला, मागच्या वर्षी घेतलेल्या दुसऱ्या एका ताऱ्याच्या ढिगातही बारीकशी फट दिसते, आणि ती नेमकी याच वेगाला आहे. दोन ताऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मधे सामायिक गोष्ट एकच, ऑफ. कोपऱ्यात थोडा जरी वायू असेल तर वजाबाकीत तो ताऱ्यातून कापला जाणार आणि तिथे खोटी फट पडणार. कोपऱ्याकडेच एकदा तोंड करून बघू या का?

मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. त्या दुसऱ्या ताऱ्यात जी आहे ती फट नाही, तो गोंगाट आहे, असल्या शंभर फटी मी रोज केराच्या टोपलीत टाकते, असं सुनावलं. अप्पाने तो कोपरा तपासला तेव्हा हा शाळेत नाक पुसत असेल. आणि आज येऊन आम्हाला वजाबाकी शिकवतो.

संध्याकाळपर्यंत डोकं तापलेलंच होतं. पेपरची काळजी, दुसरं काय.

१८ मार्च

संचालकाच्या कानावर 'अदृश्य जोडीदार' पडलं आणि तो खुर्चीतून उठून मला दारापर्यंत सोडायला आला. आजवर कधी मान वर करून बघितलं नव्हतं. लगेच चित्रकार बोलावला. त्याने लाल गोळा काढला, शेजारी काळा गोळा काढला आणि काळ्यातून ज्वाळा काढल्या. मी विचारलं, ज्वाळा कशाच्या? तर संचालक म्हणतो, लोकांना आवडतात. त्या ताऱ्याने जन्मभर फेकला नसेल एवढा वायू हा माणूस एका बैठकीत सोडतो.

पण मुदतवाढीचं त्याने स्वतःहून काढलं. म्हणाला, पेपर स्वीकारला गेला की समिती एका ओळीत सही करेल, तुम्ही निश्चिंत असा. हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आहे हे मला कळतं. चढल्यावर वरून बरं दिसतं हेही खोटं नाही.

२२ मार्च

पेपर पाठवला. शंकासुराने आपलं नाव काढून घेतलं. भांडला नाही, एक ओळीचा निरोप ठेवला, "ऑफ तपासल्याशिवाय मला सही करता येणार नाही." पीडा गेली. यादीत एक नाव कमी म्हणजे माझं जरा मोठं.

२ एप्रिल

नणंद आठवडाभर राहायला आली आहे. आल्यापासून अप्पा बारीक झाला म्हणते. अप्पा बारीक झालेला नाही, तिचा चष्मा बदलायला झाला आहे.

आणि आज दुपारी दारात कोण, तर शंकासुर. हातात सफरचंदं. म्हणे अप्पांना भेटायचं आहे. तोंडावर दार लावता आलं असतं, पण नणंदेने तोवर त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोपऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले. एवढ्या रागात सोललेले बटाटे आज पहिल्यांदाच लिंबाएवढे झाले.

तिथून तुकडे तुकडे ऐकू येत होते. शंकासुर हळू बोलत होता. अप्पाचा आवाज मात्र जोर लावून येत होता, "माझा... रिसीव्हर... बहिरा होता." मग, "तू... बघ. बघच." असं त्याने दोनदा म्हटलं.

शाबास. आव्हान दिलं त्याला. हिंमत असेल तर बघ म्हणाला. अप्पामध्ये एवढी धुगधुगी उरली आहे हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या रिसीव्हरचं काय मधेच काढलं कोण जाणे, म्हातारपणी जुन्या यंत्रांच्या आठवणी येतात माणसांना. शंकासुर जाताना माझ्याकडे न बघता गेला. अप्पा रात्री जेवला नाही. नणंदेने पाहुण्याबरोबर त्यालाही केक चारला होता, तो अंगावर आला असणार.

१० एप्रिल

पेपर स्वीकारला. परीक्षकाने एकच खुसपट काढलं होतं, संदर्भासाठी घेतलेली जागा रिकामी असल्याची खात्री केली का? मी उत्तर दिलं, वर्षानुवर्षं वापरातली, तपासलेली जागा आहे. हे वाक्य लिहिताना हात जरा अडला, उगाच. परीक्षकाचं समाधान झालं. परीक्षकांचं समाधान लवकर होतं, त्यांनाही घरी जायचं असतं.

संचालकाने पत्रकारांना बोलावलं आहे, महिनाअखेरीला. चित्रातल्या ज्वाळा आता निळ्या केल्या आहेत.

१७ एप्रिल

शंकासुराने कोपरा बघायला डिशची वेळ मागितली. संचालकाने ती मागणी माझ्याकडे ढकलली, कारण निर्णय घ्यावा लागला की त्याच्या पोटात दुखतं. मला नाही म्हणता आलं असतं. पण मग हा गृहस्थ गावभर सांगत फिरणार की बाईने बघूच दिलं नाही. म्हणून ठरवलं की मीच बघते, माझ्या हाताने, त्याला शेजारी बसवून, आणि एकदाचं त्याचं तोंड बंद करते.

अप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच, आणि माझ्या दंडावर डावा हात ठेवला. मी म्हटलं, घाबरतोस काय, तुझा कोपरा आहे.

१९ एप्रिल

हवा कोरडी होती, डिश सकाळपासून नीट चालली. कोपऱ्याकडे तोंड केलं. ऑफ म्हणून ढगांच्या पट्ट्याबाहेरची लांबची जागा घेतली. वजाबाकीनंतर रेघ जरा कलती येणार हे ठाऊक होतं, पण एवढ्यासाठी ती चालते.

पहिली काही मिनिटं सपाट रेघ. मी शंकासुराला म्हटलं, बघून घे, अशी सपाटी तुला पुन्हा बघायला मिळायची नाही. मग गोंगाट हळूहळू खाली बसत गेला आणि त्यातून एक उंचवटा वर आला. लहानसा, अरुंद, सुबक. मी म्हटलं, थांबू या, बसेल खाली. तो बसला नाही. जसजशी वेळ गेली तसतसा आणखी स्पष्ट झाला. बिस्किटवाले दोघेही येऊन मागे उभे राहिले. मी त्यांना हाकलून दिलं.

मग मीच तो उंचवटा उचलून ताऱ्याच्या ढिगात मिळवला. खड्डा भरला. जिथल्या तिथे, काठोकाठ. उरला एक सपाट डोक्याचा, सालस, कंटाळवाणा ढीग, असे म्हातारे तारे आकाशात पैशाला पासरी आहेत. जोडीदार नाही. कुणी काही झाडून नेलेलं नाही. कोपऱ्यात ढग आहे, विरळ, थंड, निमूटपणे पडून असलेला, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं तिथे काही नाही असं धरून चाललो होतो.

शंकासुर जिंकला होता. एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "अप्पांच्या काळच्या रिसीव्हरला हा दिसणं शक्यच नव्हतं, मॅडम. त्यांनी बघितलं तेव्हा ती जागा खरंच रिकामी होती." मी म्हटलं, कारुण्याचे झरे नकोत मला इथे. तो उठला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी तो प्यायले नाही, आणि मग प्यायले.

२० एप्रिल

आज लिहिण्यासारखं काही नाही. घरी अप्पाने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, हवा दमट होती, डिश बंद होती.

२१ एप्रिल

संचालकाला सांगितलं. आधी त्याने चित्राकडे बघितलं, ज्वाळांवर झालेला खर्च आठवला असावा. मग दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ओरडेल. तर हा इतका गोड झाला की मलाच खुर्ची मागे सरकवावीशी वाटली.

म्हणाला, पेपर मागे घ्यावा लागेल, पत्रकारांना येऊ नका म्हणून कळवू, ठीक आहे, होतं असं. पण दोष तुमच्यावर कशाला घेता? यादीत जागेपुढे नाव आहेच. सरळ लिहायचं की संस्थेच्या एका निवृत्त निरीक्षकाने जुन्या काळी नोंदवलेली जागा सदोष निघाली. तुम्ही तर चूक शोधून काढलीत, मॅडम. अशी मांडणी केली तर समिती मुदतवाढ नाकारणार नाही, उलट प्रामाणिकपणाचं कौतुकच होईल.

मी म्हटलं, तो निरीक्षक माझ्या घरी राहतो.

"हो, पण ते आता कुठे वाचणार आहेत?" संचालक म्हणाला. "त्यांना काय कळतंय आता?"

मी पुष्कळ बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, शाई नासेल. एवढं आठवतं की ज्वाळांचं चित्र मी टेबलावरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं, आणि तो ते छातीशी धरून ऐकत राहिला.

घरी येताना वाटेत वाटलं की मी एवढी का भडकले. अप्पाचं मला काही पडलेलं नाही. तीस वर्षं त्या रिकाम्या तुकड्याची मी थट्टा करत आले, त्याच्या तोंडावर. पण माझ्या घरातल्या माणसाला वेडगळ ठरवायचं असेल तर तो हक्क माझा आहे. बाहेरच्या माणसाने त्यात नाक खुपसायचं कारण नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, बाकी काही नाही.

२३ एप्रिल

खुलासा लिहिला. चार ओळी. संदर्भाची जागा मी निवडली. ती रिकामी आहे की नाही ते मी तपासलं नाही. सहकाऱ्याने शंका काढली होती, ती मी बाजूला सारली. परीक्षकाने विचारलं तेव्हाही मी तपासल्याशिवाय उत्तर दिलं. जागेचं नाव नाही, फक्त आकडे.

दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेण्याची मला सवय नाही, त्यामुळे चार ओळींना दिवस गेला. अप्पाची चूक मी पदरात घेते आहे हे कुणाला कळता कामा नये म्हणून शंकासुराला बोलावून दाखवलं आणि ताकीद दिली की कोपरा कुणाचा ते तोंडातून काढायचं नाही. त्याने दोनदा वाचलं.

"यात खोटं काहीच नाही, मॅडम," तो म्हणाला.

सभ्यपणा म्हणून म्हणाला असेल. त्याच्या वाक्यात पहिल्यांदाच 'पण' नव्हतं. मग विचारतो, ढगाची नोंद करायला हवी, नवा आहे, नाव काय द्यायचं? अप्पांचं द्यायचं का? मी म्हटलं, कोणतंही नाव द्यायचं नाही, आकड्यांनी भागव. नाव दिलं की नणंदेला कळणार, आणि तिला कळलं की गावाला. तो बरं म्हणाला. यादीतून कोपरा काढताना त्याने माझ्याकडे पाठ केली होती, सर्दीने नाक ओढत होता.

२९ एप्रिल

समितीचं पत्र आलं. मुदतवाढ नाही. भावी आयुष्यासाठी शुभेच्छा आहेत. भावी आयुष्य म्हणजे सप्टेंबरपासून पुढचं. तोवर डिशवर वेळ मिळणार नाही, कागद आवरायचे आहेत. बिस्किटवाल्यांनी मला केक आणू का विचारलं. म्हटलं, बिस्किटं संपवा आधी.

खोलीत बसून थोडं रडले. कुणी बघितलं नाही म्हणून लिहिते आहे.

३ मे

अप्पाला आज सांगायलाच लागलं. संस्थेतलं कुणीतरी भेटायला येणार आणि बरळणार, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. काय सांगायचं ते मी आधी ठरवून ठेवलं होतं. सकाळचा चहा-टोस्ट झाल्यावर म्हटलं, अप्पा, खड्डा खोटा निघाला. पेपर मागे घेतला. मुदतवाढ गेली. मी ऑफ भलताच घेतला होता. तुझा कोपरा नव्हता तो, घाईत जवळची दुसरीच एक जागा घेतली, आणि तिथे ढग होता. तुझा कोपरा ठीक आहे.

मार्चमध्ये मी त्याला वेगळंच सांगितलं होतं, पण त्याच्या काही लक्षात राहत नाही हल्ली. ही एक सोय आहे.

तो माझ्याकडे बघत राहिला. पुष्कळ वेळ. मला वाटलं, शब्द शोधतो आहे. मग म्हणाला, "दुसरी... जागा." मी म्हटलं, हो, दुसरी. त्याने मान हलवली. मग डाव्या हाताने माझी बशी आपल्याकडे ओढली, तिच्यात टोस्टचा चुरा होता. त्या चुऱ्यात बोटाने एक ठिपका केला, हा तारा. बाजूला एक रेघ, हे ढग. आणि मला ऑफ कसा निवडायचा ते शिकवायला लागला.

पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते. एका ऑफवर विसंबायचं नाही, ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घ्यायचा. दोन्ही ऑफ एकमेकांतून वजा करून बघायचे. रिसीव्हर बदलला की सगळे ऑफ पुन्हा बघायचे, सगळे. "जुन्या... माणसाचा... शब्द," तो म्हणाला आणि तिथे इतका अडकला की घाम आला. तो शब्द मला दिसत होता, माझ्या जिभेवर होता. मी काही बोलले नाही. "घ्यायचा... नाही," असं त्याने शेवटी स्वतःच पुरं केलं. "तपासायचा."

मी या विषयावर चाळीस वर्षं घालवली आहेत. माझे विद्यार्थी आज डिशा चालवतात. अशा माणसाला कुणी वजाबाकी शिकवायला आलं तर मी त्याचं काय करते हे शंकासुराला विचारा. पण मी बसून ऐकलं. मधे शेजारीण बेल वाजवून गेली, उठले नाही. त्याचं संपायला सकाळ गेली. हल्ली एवढा कधी बोललाच नव्हता. शेवटी दमून खुर्चीला टेकला, चेहरा लाल झाला होता आणि खूश दिसत होता. माझा हात टेबलावर होता, त्यावर त्याने आपला ठेवला, चुऱ्यासकट.

"पुढच्या... वेळी," तो म्हणाला, "मला... विचारत जा."

मी म्हटलं, "विचारीन."